उज्वलाबाईंचे एकेचाळीस धडे

मी एक पेन ड्राइव्ह आहे. अंगठ्याच्या पेराएवढा, काळा, एका कडेला झिजून पांढुरका झालेला. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही. नाशिकमधल्या एका दुकानात काचेखाली पडून होतो, तिथून उज्वलाबाईंनी मला घेतलं. एवढंच मला माझं मूळ ठाऊक.

उज्वलाबाई हरसूलजवळच्या एका पाड्यावर शाळेत शिकवतात. पहिली चार-पाच वर्षं त्यांनी माझ्यात हजेरीचे तक्ते आणि स्नेहसंमेलनाचे फोटो ठेवले. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. दोन रडण्यात गेले. उरलेल्या दहा दिवसांत बाईंनी पुस्तकातले धडे आणि कविता मोबाइलवर आपल्या आवाजात वाचून रेकॉर्ड केल्या. पाड्यावरची मुलं घरी कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना आधी कानांनी शिकावी लागते. आपण गप्प झाल्यावर त्यांनी ऐकायचं कुणाचं, याची बाईंना काळजी होती. घसा दुखला की त्या कोमट पाणी प्यायच्या आणि पुन्हा वाचायला बसायच्या. असे एकेचाळीस धडे त्यांनी माझ्यात उतरवले आणि मोबाइल भरला म्हणून तिथले पुसून टाकले. दुसरीकडे कुठेच ठेवले नाहीत. त्या दिवसांत ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

बाई घरी परतल्या. गळ्याशी श्वासासाठी भोक, त्यावर पांढरी जाळी, हातात वही. त्यांचे यजमान नवनाथराव सिन्नरला एका कारखान्यात कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी बाई बाजारात गेल्या, की ते मागच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपला मला लावत आणि कानात ईअरफोन घालून धडे ऐकत. कोल्ह्याची गोष्ट, पावसाची कविता, काहीही. त्यांना धड्याशी कर्तव्य नव्हतं. तिच्यासमोर ऐकलं तर तिला लागेल, असं त्यांना वाटे.

जूनमध्ये शाळा उघडणार होती. त्याआधीच्या एका सुट्टीला नवनाथरावांनी धडे इयत्तेप्रमाणे लावायला घेतले. फाइली सरकत होत्या, माझा दिवा लुकलुकत होता, आणि दारात बाई उभ्या दिसल्या. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी मला उपसून काढलं.

माझं लिहिणं अर्ध्यावर तुटलं.

दुसऱ्या दिवशी लावलं तर पडद्यावर माझं चिन्हच येईना. त्यांनी सात-आठ वेळा लावून पाहिलं, मग दुकानात नेलं. तिथल्या संगणकाने एकच विचारलं, फॉरमॅट करायचं का? दुकानदार म्हणाला, करून टाकू, सगळं पुसून नव्यासारखा होईल. नवनाथरावांनी मला उचललं आणि तडक यशश्रीकडे नेलं. यशश्री ही बाईंची भाची. नाशिकच्या एका कॉलेजात ती संगणकांची प्रयोगशाळा सांभाळते. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली तिनेच बसवून दिली होती.

पुढचं पोर्ट ढिलं असतं म्हणून तिने मला संगणकाच्या मागच्या पोर्टात लावलं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. जोडलेल्या डिस्कची यादी आली, तिच्या तळाशी मी होतो. माझं मापही बरोबर होतं.

"जीव आहे, काका," ती म्हणाली.

मग तिने संगणकाची स्वतःची नोंद उघडली. वाचताना चूक, वाचताना चूक, अशा ओळीच्या ओळी होत्या. नवनाथरावांनी विचारलं, दुरुस्तीची काही सोय नाही का? आहे, ती म्हणाली, पण ती सोय दुरुस्त करताना माझ्यावर लिहिणार, आणि चुकली तर परतीची वाट नाही. आधी माझी अख्खी नक्कल काढायची आणि जे करायचं ते नकलेवर.

सकाळी अकराला सुरू झालेली नक्कल चारला संपली. मी अडखळलो की संगणक ती जागा सोडून पुढे जाई, आणि शेवटी पुन्हा मागे येऊन विचारी. मला देता आलं तेवढं मी दिलं. त्या पाच तासांत नवनाथरावांनी भाचीला सगळं सांगितलं. लपून ऐकणं, घाबरून उपसणं, सगळं.

नकलेतून छत्तीस धडे निघाले. पाच गेले. निघालेल्यांची नावंही पुसली होती, नुसते आकडे उरले होते.

"कुठला धडा कुठल्या इयत्तेचा, ते मावशीच सांगू शकेल," यशश्री म्हणाली.

"मग तिला सांगावं लागेल."

"सांगा, काका."

घरी तिघं लॅपटॉपसमोर बसली. नवनाथरावांनी मान खाली घालून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिला आकडा दाबायची खूण केली. शस्त्रक्रियेनंतर त्या पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकत होत्या. धडा संपेपर्यंत त्यांचा हात गळ्यावरच्या जाळीवर होता. मग त्यांनी वहीत धड्याचं नाव लिहिलं, खाली लिहिलं, 'घाई केली वाचताना.' नवनाथराव हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. बाईंनी वही पुन्हा ओढली. 'अहो, यापुढे माझ्याजवळ बसून ऐका.'

आता बाई पुन्हा शाळेत जातात. छत्तीस धडे स्पीकरवर लावतात. उरलेले पाच चौथीतली दिशा मोठ्याने वाचते आणि कुठे थांबायचं ते बाई बाकावर बोटाने टकटक करून सांगतात. दिशाचा आवाजही त्यांनी ठेवलाय, तीन ठिकाणी.

माझ्यावर आता काही लिहिता येत नाही. यशश्रीच्या कपाटात मी एका पाकिटात आहे, पाकिटावर 'वापरू नये' असं लिहिलंय. तुमच्याकडे माझे भाऊबंद असतील. त्यांना काढण्याआधी संगणकाला सांगा, दिवा शांत होईस्तोवर थांबा, आणि मोलाचं काही एकाच्याच भरवशावर ठेवू नका. आणि ज्याचा आवाज जपताय ते माणूस अजून घरात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते काम आमच्याकडून होत नाही.