चुलीशेजारच्या खिळ्यावर

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. लोहाराच्या भट्टीत तापून, ठोके खाऊन घडलो आणि डोमिनिकन डोंगरातल्या एका कोकोच्या मळ्यात आलो. झाडाला इजा न करता फळं उतरवावीत ती यानेच, असं आमची मालकीण ओब्दुलिया म्हणायची. त्या कौतुकाने मी थोडा चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? नवरा गेल्यावर तिने एकटीने मळा सांभाळला. काम संपलं की मला धार लावून ती चुलीशेजारच्या खिळ्यावर टांगायची.

तिचा दीर लिबोरियो याचा त्या मळ्यावर डोळा होता. एका दुपारी तो दारू पिऊन, सुरा उपसून घरात शिरला. दार त्याने अडवलेलं, ओब्दुलिया चुलीपाशी. मला वाटलं, आता आपली पाळी. पण मला सोडून तिने पलीकडचं, बिया वाळवताना पसरायचं लाकडी दाताळं ओढलं आणि त्याच्या मनगटावर एकदाच हाणलं. सुरा पडला, हाड मोडलं, लिबोरियो बोंबलत पळाला. मी मात्र रुसलो. एवढी धार काय शोभेला होती?

लिबोरियोने उलटी फिर्याद दिली. म्हणे, "मी सुऱ्याने संत्रं सोलत सहज डोकावलो, तर वहिनीने हात मोडला." सरकारी वकीलबाई घर बघायला येणार असं कळलं, तशी शेजारीण नेरेइदा धावत आली.

"अगं, तो कोयता आधी ओढ्यात फेक. ही धार बघून ती म्हणेल, बाई खुनाच्याच तयारीत होती."

"आणि उद्या फळं काय दातांनी तोडू?" ओब्दुलिया म्हणाली आणि तिने मला तसंच राहू दिलं. मी भीतीने गारठलो. माझ्यामुळे ती तुरुंगात गेली असती आणि मळा दिराच्या घशात.

वकीलबाई युदेल्का तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. जीव वाचवायला हात उचलण्याची कायद्यात मुभा आहे, पण धोका खरंच समोर होता का आणि मार गरजेपुरताच होता का, हे मला बघावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. सुरा पोलिसांना घरातच सापडला होता. वकीलबाईंनी ओब्दुलियाला त्या दिवशीच्या जागी उभं केलं. मग माझ्या धारेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"मावशी, हा हाताशी होता. मग दाताळं का घेतलंत?"

"बाईसाहेब, मला तो घराबाहेर जायला हवा होता. जगाबाहेर नव्हे."

"आणि सुरा पडल्यावर?"

"मग कशाला मारू? मनगटाला बर्फ बांधला असता, पण थांबलाच नाही मेला."

युदेल्काबाई हसल्या. ओब्दुलियावर खटला चालवायचा नाही, लिबोरियोवर चालवायचा, असं त्यांनी ठरवलं. नेरेइदा तर रडायलाच लागली.

मित्रांनो, आम्हाला धार लावा, गंज चढू देऊ नका, पण रागाच्या भरात आमच्याकडे हात नेऊ नका. दुसऱ्या दिवशी ओब्दुलियाने मला काढलं आणि आम्ही फळं उतरवायला गेलो. तशी फळं मी पुष्कळ उतरवली. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम मी खिळ्यावर टांगलेला असताना झालं.