आतल्या बाजूचा फळा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. शेळ्यांच्या गोठ्याचा, त्यामुळे थोडा वास येईल, तेवढं सांभाळून घ्या. सुताराने मला घडवलं ते कोल्हा आत शिरू नये म्हणून. कोल्ह्याने माझी कीर्ती ऐकली असावी, तो कधी फिरकला नाही. माणसं मात्र फिरकली.

एक दिवस ताईने माझ्या आतल्या अंगाला काळा रंग फासला. ताई याच गावची सून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, शेळ्या राखणाऱ्या पोरींना ती भर दुपारी इथे शिकवू लागली. मी बंद असलो तरच फळा दिसायचा. उघडलो की अक्षरं भिंतीकडे तोंड करून गुपचूप उभी. कोणी हटकलं तर ताई म्हणायची, "शिंगं मोजतोय." खोटंही नव्हतं, बेरीज त्यांवरच चालायची.

पोरी माझं फार कौतुक करायच्या. मग पोरी कमी होऊ लागल्या. आधी जुळ्या बहिणी गेल्या, नंतर कोपऱ्यात बसणारी. "पाहुण्या म्हणून गेल्यात," गाव सांगायचं. पाहुण्या परतत नव्हत्या.

आज धडा चालू असतानाच मुंगीचा काका आला. मुंगी म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहानखुरी; आईबाप नाहीत, काकाच्याच घरी वाढलेली. सोबत ट्रक आणि काळा चष्मा लावलेला मुकादम.

"मुंगे, आवर. आत्याकडे जायचंय."

"ट्रकनं?"

"मग काय हत्ती आणू तुझ्यासाठी? चल, बस."

ट्रक अगदी माझ्यासमोर उभा होता. त्याच्या फळीवर ठळक अक्षरं होती. ती झाकायची तसदी कोणी घेतली नव्हती. शेळ्यांपासून आणि पोरींपासून काय झाकायचं?

मुंगी उंबऱ्यात थबकली. तिचे ओठ हलले. "वी... ट... भ... ट्टी." मग तिने मान वर केली. "काका, आत्या वीटभट्टीवर राहते?"

काका मुकादमाकडे बघू लागला. मुकादमाने चष्मा काढला.

"हिला वाचायला कोणी शिकवलं?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं. तो मऊपणा मला मुळीच आवडला नाही.

ताईने मुंगीला आत ओढलं आणि कडी लावली.

मित्रांनो, आत्मकथनाच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू 'आमची निगा राखा' असं सांगतो. माझं तेलपाणी राहू द्या. मला वाळवी लागली आहे, वरची बिजागरी निखळली आहे आणि बाहेरून दोन खांदे धडका देत आहेत. ताई झरोक्यातून हाका मारते आहे. गाव ऐकतंय, उठत नाही. पोरी मला पाठ लावून उभ्या आहेत आणि आजचा धडा त्यांच्या पाठींवर उमटतो आहे.

तुम्ही हाकेच्या अंतरावर असाल तर या. पाठी कमी पडताहेत.