मागच्या गाडीचं तोंड

डेल्बर्ट उताणा होऊन गाडीखाली शिरला आणि त्याचे नुसते बूट बाहेर राहिले. माळावरची खडी पाठीला टोचत होती. त्यानं बंपरच्या आतलं लोखंड अंगठ्यानं खरवडलं, गंज बोटाला लागतोय का बघितलं, मग ओढायच्या दोन्ही कड्या धरून हलवल्या. घट्ट होत्या.

"झोप लागली का रे म्हाताऱ्या?" वरून व्हर्जिल ओरडला. "उशी देऊ?"

"उशी ठेव तुझ्यापाशीच. बॅटरी दे इकडं."

व्हर्जिल गाडीचा मालक. पोट सुटलेला, उन्हानं नाक सोललेला, तोंडाला विसावा नाही असला गडी. दर हिवाळ्याला उत्तरेकडची म्हातारी माणसं घरगाड्या घेऊन ॲरिझोनाच्या या माळावर उतरायची, त्यात त्याचं बिऱ्हाड-बाजलं डेल्बर्टच्या घरगाडीपासून दहाएक गाड्या सोडून पलीकडं असायचं. औंदा त्याच्या बायकोचे गुडघे गेले. पायऱ्या चढवेनात, तेव्हा चूल-पलंगासकट घरगाडी विकली आणि दोघं लेकीकडं राहायला निघाली. उरली होती ती ही घरगाडीच्या मागं बांधून न्यायची, मुक्कामी बाजारहाटाला वापरायची राखाडी छोटी गाडी.

"हातानं गिअर टाकायची आहे," व्हर्जिल सांगत होता. "न्यूट्रल कर, किल्ली एक घर फिरव, चारी चाकं जमिनीवर ठेवून देशभर ओढ. आता असल्या गाड्या कोण बनवतंय? नव्या गाड्यांना ओढायचं म्हटलं की आतली यंत्रं रडतात. आणि वजनाला तर काहीच नाही. तुझ्या त्या धुडाला कळणारसुद्धा नाही मागं काही बांधलंय."

"त्याला कशाचंच कळत नाही," डेल्बर्ट खालून म्हणाला.

डेल्बर्टची बायको आर्लीन घडीच्या खुर्चीवर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. चर्चमध्ये कुणाच्या तरी लांबच्या नातेवाइकाच्या प्रार्थनेला बसावं, तशी. या आठवड्यातली ही तिसरी गाडी. पहिली जीप होती. आर्लीनला आत चढायलाच शिडी लागली असती. दुसरी दिसायला देखणी, पण तिची पुढची चाकं उचलून ट्रॉलीवर घालावी लागायची, आणि डेल्बर्टच्या कमरेला आता ते झेपत नव्हतं. दोन्ही वेळा त्यानं विचारलं, "कशी वाटते?" दोन्ही वेळा आर्लीन म्हणाली, "बरी आहे." जेवणात मीठ कसं आहे विचारलं, तरी हल्ली ती तेवढंच म्हणायची.

ओमाहाला तिची बहीण ब्लँच. तिनं मागची खोली रंगवून ठेवली होती, पडदेसुद्धा शिवले होते. आर्लीन भांडली नाही, रडली नाही. एकदा बशी पुसता पुसता म्हणाली, "मनासारखी गाडी मिळाली तर बघू. नाहीतर मी ब्लँचकडं जाते. तुला हिंडायचं तर हिंड." आणि पुसलेली बशी तिनं परत पुसायला घेतली.

डेल्बर्ट गाडीखालून सरपटत बाहेर आला. व्हर्जिलनं हात देऊन त्याला उभा केला.

"गाडी चांगली आहे," व्हर्जिल म्हणाला. "पण एक अट. हँडब्रेक काढून ओढायची." आणि स्वतःच खदखदून हसला. "राग धरू नको हं. अख्ख्या माळाला माहीत झालंय. तो ट्रकवाला हॉर्न मारून मारून दमला, आणि हा बाबा पुढं रेडिओ लावून निवांत! मागं बांधलेल्या गाडीची चाकं तोवर होळीसारखी पेटलेली."

"विसरलो," डेल्बर्ट म्हणाला.

"विसरलास? तू?" व्हर्जिलनं डोळे बारीक केले. "जन्मभर विहिरी खोदणारी यंत्रं चालवली, अजून माझ्या गॅसच्या नळ्या न सांगता येऊन तपासतोस. तू विसरलास?"

"वय झालं."

आर्लीननं पर्सची कडी उघडली, मिटली. परत उघडली, मिटली.

ती जळालेली आधीची गाडी त्यांच्या लेकीची होती. रोंडाची. हिरवी, दोन दारांची. रोंडा एका सकाळी ओट्याशी कॉफी गाळत उभी होती, ती तशीच खाली कोसळली. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. छत्तीस वर्षांची पोर. घर रिकामं केलं, कपडे वाटून टाकले, पण गाडी विकायला डेल्बर्टचा हात धजेना. हातानं गिअर टाकायची, हलकी, ओढायला अगदी योग्य. मग तीच मागं बांधली. लोक म्हणायचे, छान केलंत, लेक सोबत आली. आर्लीन त्यावर मान हलवायची.

रोंडा बापासारखी उंच. तिच्या गाडीची सीट पार मागं सरकवलेली होती, आणि ती कुणी पुढं घेतली नाही. आर्लीन बुटकी. बाजारहाटाला जायचं तर क्लच दाबायला तिला सीटच्या पुढच्या कडेला येऊन बसावं लागायचं. पाय दुखायचा. पण सीट हलली नाही.

आणि घरगाडीत पुढं, आर्लीनच्याच बाजूला, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा छोटा पडदा होता. दिवसदिवसभर त्यात ती हिरवी गाडी दिसायची. तोंड यांच्याकडं करून, मागं मागं येणारी. काचेतून रिकामी सीट दिसायची. वळण आलं की स्टिअरिंग आपलंआपण फिरायचं, रस्ता सरळ झाला की आपलंआपण जागेवर यायचं. डेल्बर्टचे डोळे रस्त्यावर. पडदा बघायचं काम आर्लीनचं. आग लागली त्या दिवसापासून ती पुढं बसलीच नव्हती. घरगाडी कुठं हलवायची असली, तर ती मागं पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडायची.

"अरे हो, हे राहिलंच," व्हर्जिल म्हणाला. डिकीतून त्यानं जाड काळं कापड काढलं आणि चादर झटकावी तसं झटकलं. "हेपण देतो. ओढताना बॉनेटवरनं काचेवरनं घालायचं. तुझ्या चाकांनी उडवलेले खडे लागत नाहीत. बायकोनं बाजूचे बंद स्वतः शिवलेत, दहा वर्षं निघायचे नाहीत."

आर्लीन खुर्चीवरून उठली. आली आणि तिनं कापडाचं टोक दोन बोटांत धरून बघितलं.

"हे घातल्यावर आतलं दिसतं?"

व्हर्जिल दचकला. बाई एवढा वेळ काही बोलली नव्हती. "आतलं? काय दिसणार वहिनी? काळामिट्ट अंधार."

"सीट? स्टिअरिंग?"

"काही नाही. अहो, काय सांगू! आमची म्हातारी पहिल्या दिवशी पडद्यात बघून किंचाळली होती, कुणी नाही आणि चाक फिरतंय म्हणून. मी म्हटलं, घाल बाई कापड, तुझ्या भुताला झाकून टाक." तो हसला, आणि आपल्यासोबत कुणीच हसत नाहीय हे कळल्यावर त्यानं टोपी काढून परत घातली.

आर्लीननं कापड सोडलं.

"ही घे," ती डेल्बर्टला म्हणाली.

"चालवून तरी बघ. क्लच जड आहे का, पाय पोचतो का..."

"ही घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगावर यायच्या आत त्यांनी आवरायला घेतलं. खुर्च्या मिटल्या, पाण्याच्या नळ्या गुंडाळल्या. गाडी जोडायचं काम दोघांत वाटलेलं होतं, पहिल्यापासून. डेल्बर्ट ओढायचा दांडा पसरून कड्यांत खिळे घालायचा, साखळ्या अडकवायचा, दिव्यांची वायर लावायचा. आर्लीन मागच्या गाडीत बसून न्यूट्रल करायची, किल्ली एक घर फिरवायची, हँडब्रेक खाली करायची आणि ओरडायची, "सुटली!" मग डेल्बर्ट एक फेरी मारायचा, ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकून आत नजर टाकायचा, आणि मगच पुढं जायचा. ही फेरी त्यानं कधी चुकवली नव्हती. तापानं फणफणला होता तेव्हाही नाही.

खिळे बसले. साखळ्या अडकल्या. आर्लीन गाडीत बसली, तिनं सीटखालची दांडी ओढली आणि सीट पुढं सरकवली. खटकन आवाज झाला. डेल्बर्टनं मान वर केली, परत खाली घातली. वायर एकदा लावलेली होती, ती त्यानं काढून पुन्हा लावली.

"सुटली!" आर्लीन ओरडली.

डेल्बर्ट फेरी मारून खिडकीशी आला. काच खाली होती. आर्लीनचा हात हँडब्रेकवर होता. हँडब्रेक खाली होता.

"बघ नीट," ती म्हणाली.

"बघितलं."

"त्या दिवशीपण तू इथंच वाकला होतास."

डेल्बर्टनं खिशातलं फडकं काढलं आणि बाहेरचा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता. पलीकडच्या गाडीतून कुणाच्या तरी बेकनचा वास येत होता आणि एक कुत्रं कशावर तरी भुंकत होतं.

"वाकलो होतो," तो म्हणाला.

"ब्रेक वरच ठेवला होता. दिसलं होतं?"

त्यानं फडक्याची घडी केली. आणखी एक घडी केली. मग ते खिशात घातलं.

"दिसलं होतं."

आर्लीननं हँडब्रेकवरचा हात काढून मांडीवर ठेवला, थोड्या वेळानं दार उघडलं आणि खाली उतरली.

"ते टोक धर," ती म्हणाली.

दोघांनी काळं कापड पसरलं. तो एका अंगानं, ती दुसऱ्या अंगानं. बॉनेट झाकलं, काच झाकली. तिच्या बाजूचा एक बंद अडत होता, बोटं वळत नव्हती. डेल्बर्ट वळसा घालून आला, बंद ओढून धरला, तिनं गाठ मारली.

"घट्ट झाली?"

"झाली."

व्हर्जिल लांबून टोपी हलवत होता. "हँडब्रेक बघितलास का रे, बेअक्कल?"

"बघितला!" डेल्बर्टनं ओरडून सांगितलं.

तो वर चढून बसला. मागं पलंगाची करकर ऐकू येईल म्हणून थांबला. आली नाही. आर्लीन पुढं आली, आपल्या सीटवर बसली, पट्टा ओढला. तो बरेच दिवस पडून राहिल्यामुळं ताठरला होता, दोनदा ओढावा लागला.

इंजिन सुरू झालं. घरगाडी डुलत डुलत माळ उतरली, कच्चा रस्ता संपला, डांबरी लागली. पहिल्या उतारावर डेल्बर्टनं पाय हलका करून बघितला. काही जाणवलं नाही. ना ओढ, ना वजन. आरशात नुसती धूळ दिसत होती.

"आहे का गं मागं?" त्यानं विचारलं.

आर्लीननं पडद्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आहे," ती म्हणाली.