टेबल एक्केचाळीस आणि साधा दिवा

प्रकल्प प्रदर्शनाच्या हॉलमध्ये साठ टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाला दोन-दोन सॉकेट! आता तुम्हीच सांगा, जिचा प्रकल्प म्हणजे नुसता एक प्रश्न आहे, त्या मुलीनं सॉकेटला काय लावायचं? प्रश्नाला कुठे वायर असते?

ढब्बूचं डोकं सकाळपासून याच गोष्टीनं भंजाळलं होतं. खरं तर गेलं दीड वर्ष ते भंजाळलेलंच होतं. तंत्रज्ञान विद्यापीठात ती तत्त्वज्ञान शिकत होती. पाण्याच्या पंपाशेजारची एक खोली, एक सर आणि तीन विद्यार्थी, एवढाच काय तो विभाग. त्यातला एक पहिल्या सहामाहीतच कॉम्प्युटरला पळाला. दुसऱ्याला फक्त हॉस्टेलची खोली हवी होती, तो वर्गात दिसला तर सर त्याचं स्वागत करायचे. आणि तिसरी ही.

आता हीसुद्धा पळणार होती. बहुतेक. कॉम्प्युटर शाखेत जायचा फॉर्म तिच्या पिशवीत होता. बाबांनी आपल्या गोल गोल अक्षरात सगळा भरून दिला होता, फक्त सही बाकी. आज पाच वाजता ऑफिसची खिडकी बंद झाली की मग चारही वर्षं पंपाशेजारीच.

"सही करू की नको?" तिनं सरांना विचारलं होतं.

सर चष्मा पुसत म्हणाले होते, "मलाही कधी कळलं नाही गं. पण ते राहू दे. टेबलावर काहीतरी प्लगला लाव. नाहीतर रिकामं समजून टेबल उचलून नेतात."

म्हणून तिनं हॉस्टेलवरचा आपला अभ्यासाचा दिवा आणून एक्केचाळीस नंबरच्या टेबलावर ठेवला. मागे तक्ता लावला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'समोरच्याला आपलं कळलं, हे आपल्याला कसं कळतं?' टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली वही घातली. बटण दाबलं. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. लागला तो लागला म्हणून तिनं सोडून दिलं.

शेजारच्या टेबलावर तिची रूममेट होती. तिच्या प्रकल्पातला लोखंडी यंत्रहात नट-बोल्ट वेगळे करायचा आणि दर थोड्या वेळानं टेबलावर धाडकन आपटायचा.

"तुझा हात माझं टेबल हलवतोय," ढब्बू म्हणाली.

"निदान काहीतरी हलवतोय! तुझं काय हलतंय?"

तेवढ्यात एक काका आले. तक्त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दिव्यासमोर खोकले. लोखंडी हात आपटला, दिवा विझला.

"अरे वा! आवाजावर चालतो!"

"नाही हो काका, साधा दिवा आहे."

"साधं ठेवणंच अवघड असतं," असं म्हणून काका खूश होऊन निघून गेले.

मग काय, रीघच लागली! कुणी चुटकी वाजवली, कुणी हात हलवला. एका मावशींनी तर दिव्याला चक्क "लाग रे बाबा" म्हणून पाहिलं, आणि तो लागला! मावशींचा चेहरा असा काही उजळला की ढब्बूला "होल्डर सैल असेल" म्हणायला जीभच रेटेना. दिवा लागला नाही तर लोक मोठ्यानं बोलायचे, मग हळू बोलायचे, मग स्वतःलाच दोष द्यायचे. "माझा आवाज बसलाय ना," असं एक जण दिव्याची माफी मागितल्यासारखं म्हणाला.

ढब्बूला हे लिहून ठेवावंसं वाटलं. का, ते कळलं नाही. वही टेबलाच्या पायाखाली, म्हणून पिशवीतून हाताला लागला तो कागद ओढला आणि भराभर लिहीत सुटली.

मग परीक्षक आले. त्यांनी टाळी वाजवली. दिवा लागला. "छान. सेन्सर कुठे बसवलाय?"

आता गप्प बसली असती तर गुण मिळाले असते. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "सेन्सर नाही सर. काहीतरी सैल आहे आत."

"मग प्रकल्प कुठाय?"

तिनं तक्त्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो वाचला, परत वाचला. "हे चालतं कसं?"

"तेच कळत नाहीये सर," ती म्हणाली, आणि रूममेटनं कपाळावर हात मारून घेतला. परीक्षकांनी आपल्या यादीत काहीतरी खोडलं आणि पुढे गेले.

पावणेपाचला बाबा आले. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. कामावरून थेट आलेले, हाताला ग्रीस, खिशात टेस्टर. त्यांनी दिव्याकडे एकदाच पाहिलं. "होल्डर सैल आहे. दोन मिनिटांचं काम. हात आपटला की हलतो."

"लोकांना वाटतंय दिव्याला त्यांचं कळतंय."

बाबा हसले. "आमच्याकडे रोजचंच आहे. एकदा दाबलेलं बटण लोक पाच-पाच वेळा दाबतात. त्यांना वाटतं, लिफ्टला घाई कळली. एक आजोबा तर तिला 'थँक्यू' म्हणून उतरतात."

"आणि लिफ्ट आली नाही तर?"

"तर रुसली म्हणतात." बाबांनी घड्याळ पाहिलं. "चल ढब्बू, सही कर आधी. आईनं दोनदा फोन केलाय."

ढब्बूनं आजोबांचंही घाईघाईत लिहून घेतलं. मग पिशवीत फॉर्म शोधला. सापडेना. आणि मग लक्षात आलं, अगं बाई, आपण लिहितोय कशावर!

दोघं धावतच खिडकीशी पोचले. तिनं पुढच्या बाजूला सही ठोकली, कागद आत सरकवला. क्लार्कनं तो उलटला.

"हे काय? 'मावशी, लाग रे बाबा म्हणाल्या.' 'आजोबा, लिफ्टला थँक्यू.' मागची बाजू कोरी लागते. नवा फॉर्म घ्या, पाच मिनिटं आहेत अजून."

बाबांनी पटकन नवा घेतला आणि खिशातलं पेन काढून भरायला लागले. ढब्बू मात्र खिडकीला चिकटून उभी.

"तो जुना द्या ना."

"तो रद्द झाला."

"रद्द असू दे. मागचं हवंय मला."

क्लार्कनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी ढब्बूकडे. तिनं कागद हातात घेतला आणि तिथेच, भिंतीला टेकून, वाचत बसली. त्या मावशींना नेमकं काय कळलं होतं? आणि त्यांना कळलं, हे आपल्याला कसं कळलं? सगळा गुंता! पण तो सोडून उठावंसं वाटेना.

"ढब्बू, सही," बाबा म्हणाले. "दोन मिनिटं."

"बाबा, ते आजोबा एकटे असताना थँक्यू म्हणतात की लोक असताना?"

बाबांचं पेन थांबलं. "एकटे असतानाच. मी वर मशीनरूममधून ऐकलंय."

खिडकी खाड्कन बंद झाली.

"म्हणजे तू नक्की काय ठरवलंस?" बाबांनी विचारलं.

"खरंच माहीत नाही."

"मग आईला काय सांगू?"

ती हॉलकडे वळली. प्रदर्शन उद्याही होतं. बाबा सवयीनं खिशातला टेस्टर हातात घेऊन मागून येत होते.

"बाबा, तो होल्डर," ती म्हणाली, "उद्यापर्यंत कसू नका हं."

बाबांनी टेस्टर खिशात परत सरकवला.