खिडकीशी बसणारी मावशी

लेकीच्या लग्नाचा पोशाख हातावेगळा करून शिंपीणबाई स्वतःच्या झग्याकडे वळली. त्याला डाव्या बाजूने आतून कापसाची गादी शिवायची होती. तिचा डावा स्तन कर्करोगापायी काढला होता. बाहेर मात्र पित्ताशयातले खडे काढल्याचं सांगितलं होतं.

उजव्या स्तनाचा एमआरआय लवकर करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. साध्या तपासणीत तो निर्दोष दिसला, तरी दाट ऊतींत गाठ लपू शकते. ती एमआरआयमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. शहरात ते यंत्र एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे नावं नोंदवायच्या खिडकीशी होणाऱ्या जावयाची मावशी बसायची.

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही," नणंद म्हणाली. "आईचं दुखणं लेकीत उतरतं म्हणून सोयरीक मोडतील. वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग परगावी जाऊन येते, असं शिंपीणबाईने सुचवून पाहिलं. ऐन लगीनघाईत घरची बाई कुठे गेली, असं लोक विचारतील, म्हणून नवऱ्याने तेही मोडीत काढलं. लग्नानंतर बघू म्हणाला. तिने सुईत दोरा ओवला.

लग्नात मावशीने तिला घट्ट मिठी मारली. शिंपीणबाईने श्वास रोखला. गादी तसूभरही हलली नाही. झगा छान बेतलाय, असं मावशी कौतुकाने म्हणाली.

पाहुणे पांगल्यावर परगावी एमआरआय झाला. उजवीकडे गाठ होतीच. पुढच्या तपासण्यांत रोग यकृतापर्यंत पोचलेला निघाला. आधी आला असतात तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. मुलगी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. तिलाही तपासायला हवं होतं.

लेक माहेरी आली तेव्हा शिंपीणबाईने तिला सगळं सांगितलं. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मग डोळे पुसत हळूच म्हणाली, "जाईन गं मी. पण आत्ता नको. तिथे मावशी बसते ना."

नणंदेचंच बोलणं लेकीच्या तोंडून आलं होतं.

शिंपीणबाईने लग्नातला झगा काढला, गादी उसवून शिलाई मशीनवर ठेवली, झगा तसाच अंगात घातला आणि भिंतीला धरून चपला घातल्या.

"चल. मावशीला मी सांगते, मला कॅन्सर आहे म्हणून."

लेक घाईने उठली आणि तिने आधी रस्त्याकडचं दार लावून घेतलं.