कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे छत्तीस खणांचे एक लाकडी कपाट दिसते ना, ते मी. वयाने जुने, पण या दुकानात नवे. मला येथे येऊन चौदा महिने झाले. माझ्या वरच्या ओळींत स्क्रू, मधल्या ओळींत कड्या आणि बिजागऱ्या आणि अगदी तळाला वॉशर असतात. प्रत्येक खणाच्या तोंडावर पितळेची एक छोटी चौकट आहे. दुकानदार तिच्यात मापाची चिठ्ठी सरकवतो. त्या चौकटींत पूर्वी मुळाक्षरे होती. पूर्वी मी चार हजार एकशे अडतीस पुस्तकांची कार्डे सांभाळत असे.

मला वारसा मंडळासाठी एका सुताराने घडवले. शहरातल्या जुन्या इमारती शक्यतो पाडू नयेत, पाडल्याच तर त्यांची नोंद तरी राहावी, असे वाटणाऱ्या अकरा जणांनी हे मंडळ काढले होते. त्यांनी जुने नकाशे, अहवाल, छायाचित्रांची पुस्तके गोळा केली आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली घेतली. सुताराने माझे खण इतके नेमके बसवले की एक ढकलला की शेजारचा हवेच्या दाबाने बोटभर बाहेर येई. मंडळींना ती गंमत वाटे. पहिला आठवडाभर कोणी वाचलेच नाही. सगळे खणच उघडमिट करत बसले.

पुस्तकांची व्यवस्था ताईंकडे आली. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि मंडळाचे सचिव म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. सचिवांना सगळे 'सचिवसाहेब' म्हणत, ताई मात्र 'बाळ' म्हणत. पुढे ते सदुसष्ट वर्षांचे झाले, तरी त्यात बदल झाला नाही.

मंडळाचा पहिला नियम कडक होता: पुस्तकावर कोणीही काहीही लिहायचे नाही. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. आता अडचण अशी की येथे येणारे वाचक साधे नव्हते. त्यांच्यात गवंडी होता, नकाशे काढणारा होता, नगरपालिकेतून निवृत्त झालेला अभियंता होता. पुस्तकात चूक दिसली की त्यांचा जीव वर-खाली होई. एकदा गवंड्याने एक जाड अहवाल ताईंसमोर आपटला.

"यात लिहिलंय भिंत दगडी आहे. मी स्वतः खणून बघितलीय. आतून वीट आहे, वरून नुसत्या दगडी लाद्या. मला इथे समासात लिहू द्या."

"पुस्तकात नाही लिहायचं, भाऊ."

"मग चुकीचं तसंच राहू द्यायचं?"

ताईंनी थोडा विचार केला. मग माझा खण ओढला, त्या अहवालाचे कार्ड काढले, उलटे केले आणि पेन्सिलीला टोक केले. "सांगा. कितवं पान?"

त्या दिवसापासून ही पद्धतच पडली. पुस्तक परत करायला कोणी आले की ताई विचारत, "काय सापडलं?" तो सांगे आणि त्या कार्डाच्या मागे लिहून घेत: सांगणारा कोण, पान कोणते, तारीख काय. कार्डाच्या पुढच्या बाजूला सगळ्या ग्रंथालयांत असते तेच होते. मागच्या बाजूला जे होते ते दुसरीकडे कोठेही नव्हते. हे बत्तीस वर्षे चालले. मित्रांनो, लाकडाला अभिमान वाटतो की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्या वर्षांत पावसाळ्यातही माझा एकही खण कधी अडकला नाही, एवढे खरे.

मग माणसे कमी होत गेली. अकराचे पाच उरले. ताईंचे गुडघे जिना चढताना कुरकुरू लागले. उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली. महिन्याला दोन वाचक आले तरी पुष्कळ. शेवटी मंडळाने ठरवले की पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या हवाली करावीत. तेथे कोरडी खोली होती, माणसे होती आणि मुख्य म्हणजे वाचणारे विद्यार्थी होते.

सचिवांनी मनावर घेतले. दोन महिने रोज संध्याकाळी ते संगणकावर यादी करत बसले. माझा खण ओढायचा, कार्डाची पुढची बाजू वाचायची, टंकायची, पुढचे कार्ड. एकही कार्ड त्यांनी उलटले नाही. यादी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती ताईंपुढे ठेवली.

"एकशे चाळीस पानं झाली, ताई! विद्यापीठाला आता कार्डांची गरजच नाही. रद्दीत देऊन टाकू. आणि कपाट हार्डवेअरवाला न्यायला तयार आहे. त्याला स्क्रूंसाठी खण हवेच आहेत."

ताईंनी यादी चाळली. "बरी केलीस," त्या म्हणाल्या.

एवढेच. मी तेथेच उभे होते, म्हणून मला माहीत आहे की सचिव गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि एकेक खण ओढून बराच वेळ वाचत राहिल्या. माझी टिपणं पण न्या, असे स्वतःच्या तोंडाने कसे म्हणायचे? आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे सांगणे लिहून घेतले होते; स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवय नव्हती.

सुपूर्द करण्याच्या दिवशी विद्यापीठाचे ग्रंथपाल आले. चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. खाली टेम्पो उभा होता. दुपारी रद्दीवाला येणार होता, म्हणून माझ्याजवळ रिकामी पोतीही आणून ठेवली होती. ग्रंथपाल यादीवर खूण करत, सचिव पुस्तक देत आणि हमाल खोक्यात भरत.

"ही जोडप्रत," ग्रंथपाल एका ठिकाणी थांबले. "पाणीपुरवठ्याच्या अहवालाच्या दोन प्रती दिसतात. आमच्याकडे जागेची अडचण आहे, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आम्ही घेत नाही."

"वगळा की," सचिव म्हणाले. "एक असली काय, दोन असल्या काय."

"वगळू नका."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचे हे पहिले वाक्य होते.

"का बरं?" ग्रंथपालांनी विचारले.

"दुसऱ्या प्रतीचं कार्ड बघा. चौदावा खण. मागची बाजू."

ग्रंथपालांनी खण ओढून कार्ड काढले आणि खण परत ढकलला. शेजारचा बोटभर बाहेर आला, तसे ते जरा दचकले. मग कार्ड त्यांनी डोळ्यांजवळ धरले आणि अडखळत वाचले. "पहिल्या प्रतीत नकाशा... उलटा बांधला गेला आहे. विहीर उत्तरेला दिसते, ती दक्षिणेला आहे. या प्रतीत नकाशा बरोबर. नकाशेवाल्यांनी जागेवर जाऊन पाहिले." खाली तारीख होती.

त्यांनी दोन्ही प्रती उघडून पाहिल्या. मग पुढचे कार्ड उलटले. मग त्यापुढचे. एकविसावा खण, तिसरा खण. हमाल खोके धरून उभा होता, त्याला त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितले आणि स्वतः शिडीच्या पायरीवर बसले.

"हे यादीत का नाही?"

सचिव गडबडले. "यादीत पुस्तकं आहेत, साहेब. हे म्हणजे... आमच्या ताईचं आपलं काहीतरी."

"आपलं काहीतरी काय रे, बाळ?" ताई उठल्याच. "ते गवंड्याचं आहे, नकाशेवाल्याचं आहे, त्या अभियंत्याचं आहे. त्यातले निम्मे आता सांगायला उरले नाहीत. माझं त्यात नुसतं अक्षर आहे."

"अगं, मग आधी बोलायचंस ना! दोन महिने मी तुझ्यासमोर बसून टाइप करतोय."

"तू विचारलंस का, मागे काय आहे म्हणून?"

सचिवांनी शेजारची पोती गुंडाळायला घेतली. ग्रंथपालांनी करारनाम्याचा कागद मागितला. पुस्तकांच्या संख्येखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'तसेच सर्व कार्डे, दोन्ही बाजूंच्या मजकुरासह.' सह्या झाल्या.

"आता एकच पंचाईत," ते म्हणाले. "ताई, तुमचं अक्षर लागत नाही. मी चार कार्डं वाचली आणि घामाघूम झालो. आठवड्यातून दोन दिवस यायला जमेल? तुम्ही वाचा, आमची मुलं टंकतील. जिना नाही, लिफ्ट आहे."

"गेली बत्तीस वर्षं मी हेच सांगतोय तिला अक्षराचं," सचिव पुटपुटले. ताईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की हमालालाही हसू आवरेना.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू का नाही गेलंस त्या कार्डांबरोबर? ग्रंथपालांनी मलाही मोजून पाहिले होते. पण त्यांच्या खोलीच्या दारातून मी आत जाणे शक्य नव्हते आणि खणांतल्या ज्या पितळी सळ्यांत कार्डे ओवलेली असत, त्यांनी कार्डांची भोके फाटत चालली होती, हेही त्यांनी दाखवून दिले. कार्डांना सपाट पेट्या हव्या होत्या. मला वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण बरोबर असलेल्या गोष्टीचा राग धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानात आले. येथे दिवसभर खण उघडमिट होतात. काम आहे, कोरडी जागा आहे, दुकानदार दर महिन्याला माझ्या कडांना मेण लावतो. माझे बरे चालले आहे.

मागच्या आठवड्यात ताई बिजागरी घ्यायला आल्या. विद्यापीठातून थेट आल्या होत्या. खांद्याला पिशवी, चष्मा कपाळावर.

"कुठवर आलं काम?" दुकानदाराने बिजागऱ्या शोधता शोधता विचारले.

"एकोणीस खण झाले. सतरा राहिले. आणि काल काय झालं माहितीये? माझी चूक सापडली!"

"तुमची?"

"मग सांगते काय! बाजाराच्या इमारतीला अकरा कमानी, असं मी स्वतः मोजून लिहिलं होतं. सव्वीस वर्षं झाली त्याला. काल टंकणाऱ्या मुलीला ते वाचून दाखवलं, तर जेवणाच्या सुट्टीत ती खरंच जाऊन मोजून आली. बारा आहेत. एक जिन्याच्या मागे आहे, ती मला दिसलीच नव्हती."

"अरेरे. मग खोडलंत?"

"ग्रंथपालही तेच विचारत होते. खोडायचं कशाला? मी म्हटलं, खाली लिही. तुझं नाव, आजची तारीख, बारा."

दुकानदाराने बिजागरी कागदात गुंडाळली. "चूक निघाली आणि तुम्ही एवढ्या खूश?"

"अहो, मी अकरा लिहून ठेवलं होतं म्हणून ती मोजायला गेली ना!" ताई म्हणाल्या आणि पुडी पिशवीत टाकून निघाल्या.

मित्रांनो, माझे सांगणे फार नाही. एखादा जुना कागद टाकून द्यायची वेळ आली, तर तो आधी एकदा उलटून पाहा. त्याच्या मागे कोणीतरी आपल्याला दिसले ते लिहून ठेवलेले असेल. ते बरोबरच असेल असे नाही. पण कागद राहिला, तरच कोणाला तरी तेथे जाऊन पुन्हा मोजता येईल.