टोपीत भरलेली ओटी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. घरातल्या माळ्यावर चढायची नव्हे, विमानात चढायची! हसू नका. माझ्या अंगावर बाभळीच्या गाठी आहेत आणि पायांना बैलगाडीची चाकं, म्हणून पुष्कळ शहाणे मला हसून गेले. ते गेले, मी आहे.

सत्त्याऐंशी साल होतं. आपला देश आणि सोव्हिएत रशिया यांची मोठी दोस्ती. वैमानिकांचं शिक्षण, नवे हवाई मार्ग, विमानातून पिकांवर फवारणी, यांत एकमेकांना हात द्यायचा असं वर कुठंतरी ठरलं होतं. फवारणी दाखवायला त्यांचं विमान धुळ्याला येणार होतं. मंडप झाला, गालिचा आला, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की विमानाचा दरवाजा पुरुषभर उंच असतो आणि आपल्याकडे शिडीच नाही!

धावले शालिग्राम मिस्तरींकडे. ते बैलगाड्या करणारे सुतार. त्यांना मुरलेलं लाकूड हवं होतं. बेबाबाई नावाच्या कापूस पिकवणाऱ्या बाईच्या बांधावर वादळात पडलेली बाभूळ होती. देशाचं काम म्हणून तिने ती देऊन टाकली. मिस्तरींनी मला घडवलं, आणि हलवायचं कसं म्हणून गाडीची चाकं जोडली.

कार्यक्रमाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या साहेबांनी मला पाहून नाक मुरडलं. "हे झाका आधी!" म्हणाले. मला गालिच्यात गुंडाळलं. वर पाटी लावली : पाहुण्यांशिवाय कुणी चढू नये.

विमान आलं. चालवणारी बाई होती, नीना. तिने बेबाबाईच्याच कापसावर फवारणी दाखवली आणि दुपारी दुभाष्याला घेऊन शेत बघायला गेली. बांधावर बसून तिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी ठेचा पुन्हा मागितला. बेबाबाई सगळ्यांना सांगत सुटली, "हाई मनी लेकच शे!"

आता लेक घरचं खाऊन निघाली, तर तिला ओटी न भरता कशी पाठवायची? दुसऱ्या दिवशी बेबाबाई नारळ, खण, गहू घेऊन धावपट्टीवर हजर. नीना माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. मागे यंत्र सुरू करायची तयारी चाललेली. बेबाबाई पाटीखालून सरळ वर चढू लागली.

"ए बाई, खाली उतर!" मोठे साहेब ओरडले. "शिडी मोडेल!"

मित्रांनो, एवढं धडधडीत खोटं मी पुन्हा ऐकलं नाही.

खालून शालिग्राम मिस्तरी म्हणाले, "साहेब, सकाळे तुम्ही चढनात तवय मोडनी नही. हाई बाई तं काडी शे!"

पोलीससुद्धा हसले. साहेबांचा चेहरा लाल झाला. "हा दोन देशांचा कार्यक्रम आहे. तुझा काय संबंध?"

बेबाबाई मधल्या पायरीवर वळली. "बाभूय मनी शे. मी चढसू."

चढली. नीनाशेजारी उभ्या असलेल्या दुभाष्याला म्हणाली, "इचार, नवरा शे का इले?"

दुभाष्याने विचारलं, नीना खळखळून हसली. दुभाषा म्हणाला, "आहे म्हणते. घरी मुलं सांभाळतो."

"मंग चांगला शे!"

पण ओटी घ्यायची कशात? अंगावर गणवेश, पदर नाही. बेबाबाईने नीनाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "टोपी धर वं माय!"

आणि नीनाने वैमानिकाची टोपी उलटी करून दोन्ही हातांनी पुढे धरली. गहू पडले, नारळ बसला, खण वर ठेवला. माझ्या पायरीवर सांडलेले चार दाणे कितीतरी दिवस फटीत होते. मंडपातली भाषणं मला आठवत नाहीत. ते दाणे आठवतात.

पुढे तो सोव्हिएत देशच मोडला. नकाशावरून नाव गेलं. करार कुठल्या कपाटात गेले, त्यांचं त्यांना ठाऊक. मी पत्र्याच्या शेडमध्ये पडले, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. मग ॲल्युमिनियमची चकचकीत शिडी आली आणि मला सरपणासाठी फोडायचा हुकूम निघाला. मगन नावाचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला.

बातमी कळताच बेबाबाई आली. केस पांढरे, गुडघे दुखरे. कुणाला न विचारता चढली आणि वरच्या पायरीवर बसली. "फोड आते!"

मगनने कुऱ्हाड खाली ठेवली. "अक्का, तुमनीच वस्तू शे. लई जा ना!"

बैल जुंपून तिने मला नेलं. आता मी तिच्या ज्वारीत उभी आहे. पोरं माझ्यावर चढून पाखरं हाकलतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, माझी कीव करू नका. मला गालिचा नको. दोन पावसाळ्यांनी एकदा तेल पाजा आणि मातीनं भरलेले पाय घेऊन खुशाल चढा. माझ्यावरच नाही, जिथं तुमच्या घरचं लाकूड लागलंय त्या प्रत्येक पायरीवर चढा. कुणी ओरडला, "खाली उतर!", तर घाबरू नका. त्याला फक्त विचारा :

बाभूळ कुणाची?